हौसेला मोल नसते, पण क्रम असतो



आमच्या कुटुंबात गेले दोन महिने एका यंत्रावरून वाद चालला आहे. यंत्र आमच्या कुणाच्याच घरी येणार नाही. ते आले तर ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या तळघरात येईल. पण आपल्याकडे मत द्यायला वस्तू स्वतःच्या घरात असावी लागत नाही! माझा भाऊ म्हणतो, "पैसे उधळतोय." वहिनी म्हणतात, "मुळात हा छंदच सोड म्हणावं." भाचा मला म्हणाला, "आत्या, तू तरी आधी समजून घे आणि मग बोल." म्हणून समजून घेतले. वाचले, त्याला उलटसुलट प्रश्न विचारले, फोनवर त्याचे तळघर पाहिले. आता बोलते. नातेवाईक वाचकांना विनंती, शेवटपर्यंत वाचा, मध्येच फोन करू नका. :-)

छंद असा आहे. भाचा महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या मैदानावर जातो आणि कागदी लक्ष्यावर रिव्हॉल्व्हरने नेम धरतो. त्यासाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या तो स्वतः ओततो. स्वतःपुरता, विक्रीसाठी नाही, असा दारूगोळा तयार करायला अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय असे काही करणे हा गुन्हा आहे, तेव्हा इकडच्या उत्साही तरुणांनी हा लेख फक्त वाचावा. बंदूक मला स्वतःला आवडत नाही. पण तो वाद निराळा आहे, आणि तो मध्ये आणला की मूळ प्रश्नाचा विचारच होत नाही, हे मी या दोन महिन्यांत पाहिले. प्रश्न एवढाच आहे की गोळ्यांना वंगण लावण्याची त्याची पद्धत बदलायची का, आणि बदलायची तर कशी.

"गोळीला वंगण कशाला?" हा प्रश्न मीही विचारला. बंदुकीच्या नळीला आतून मळसूत्री चर असतात. त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. शिसे मऊ असते. मागून तापलेला वायू जोराने ढकलत असतो, गोळी नळीला घासत पुढे जाते, आणि कुठे जरा फट राहिली तर तो वायू तिथून घुसून गोळीची कड कापतो. मग शिशाचा थर नळीच्या आत चिकटत जातो. नेम बिघडतो आणि तो थर खरवडून काढायला तासन्‌तास जातात. म्हणून ओतीव गोळीच्या अंगावर एकदोन चर मुद्दाम ठेवलेले असतात आणि त्यांत मेणासारखे वंगण भरतात.

पण नुसत्या वंगणाने भागत नाही. गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. भाच्याच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीचे चरांपाशी माप ०.३५७ इंच, तर गोळी हवी ०.३५८ इंचाची. इंचाचा एक हजारावा भाग जास्त! आमच्या पुण्यातले कारखानदार ज्याला 'एक थाउ' म्हणतात, तो हाच. साच्यातून निघालेली गोळी किंचित मोठी असते. ती पोलादी डायमधून दाबून काढली की मापात येते. म्हणजे कामे दोन, माप आणि वंगण. उपकरणांचा सगळा इतिहास या दोन कामांभोवती फिरतो.

सर्वांत साधी रीत म्हणजे थाळीची. आपल्या स्वयंपाकघरातल्या बायकांना ती एका वाक्यात कळेल. गोळ्या थाळीत उभ्या मांडायच्या, त्यांच्या चरांच्या उंचीपर्यंत वितळलेले वंगण ओतायचे, थिजू द्यायचे आणि मग वड्या पाडाव्यात तशी एकेक गोळी नळीच्या कातरणीने उचलून घ्यायची. दुसरी रीत पातळ वंगणाची. डब्यात गोळ्या घ्यायच्या, थोडे द्रव वंगण घालायचे, फोडणी दिलेले चुरमुरे हलवावेत तसे हलवायचे आणि मेणकागदावर रात्रभर वाळत ठेवायचे. खर्च नगण्य. तक्रार एकच, चिकटपणा आणि धूर.

तिसरी रीत यंत्राची, आणि आमचा वाद तिथलाच आहे. ओतीव लोखंडाचे, टेबलाला बोल्टांनी आवळून बसवायचे यंत्र. गोळी डायच्या तोंडावर ठेवायची आणि लांब दांडा खाली ओढायचा. गोळी मापात दाबली जाते आणि त्याच दमात बाजूच्या भोकांतून वंगण चरांत शिरते. एका ओढीत दोन कामे. जॉन बार्लो यांची आयडियल कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोळ्या ओतण्याची हत्यारे बनवत असे. १९२५ साली ती लायमन कंपनीने घेतली. आज लायमन आणि आरसीबीएस या नावांची यंत्रे घरोघरच्या तळघरांत दिसतात. त्यांत गोळी खाली जाऊन परत वर येते. स्टार नावाच्या यंत्रात ती सरळ खालून बाहेर पडते, म्हणून ते आणखी वेगवान. कडक वंगण वापरायचे तर यंत्राखाली गरम होणारी पट्टी लागते. प्रत्येक मापाला वेगळी डाय आणि गोळीच्या प्रत्येक आकाराच्या टोकाला वेगळा दाबखिळा लागतो. किंमत डाय-पट्टी धरून काही शे डॉलर. भाऊ 'उधळपट्टी' म्हणतो ती याला.

भाचा आज थाळी वापरतो. महिन्याला दीडशे-दोनशे गोळ्या. त्याला यंत्र हवे आहे.

आता माझे मत. भाऊ चूक आणि भाचाही अर्धा चूक!

भावाचा आक्षेप असा की तयार गोळ्या विकत मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला. हे म्हणजे बाजारात लोणचे मिळते तर घरी कैऱ्या कशाला चिरता, असे विचारण्यासारखे झाले. माणूस हाताने काही बनवतो तेव्हा तो नुसते पैसे वाचवत नसतो. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे प्रमाण बदलले की गोळी किती कडक होते, साचा थंड असला तर तिच्यावर सुरकुत्या का पडतात, मधमाश्यांच्या मेणात काय मिसळले की ते उन्हाळ्यात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे सगळे तो या छंदातून शिकला. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या ई. एच. हॅरिसन यांनी मधमाश्यांचे मेण आणि अॅलॉक्स नावाचे गंजरोधक रसायन निम्मे-निम्मे मिसळण्याची कृती रूढ केली. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तरी प्रत्येक छांदिष्ट त्यात लॅनोलिन किंवा व्हॅसलीन घालून आपली वेगळी कृती करतोच. मसाल्याच्या बाबतीत आपल्या घराघरांत काय वेगळे होते? शाळेत मी अडतीस वर्षे मराठी शिकवले, आणि एवढे सांगू शकते की जो हाताने शिकतो तो विसरत नाही.

मग भाचा अर्धा चूक कसा? तो म्हणतो, यंत्राने वेळ वाचेल. दोनशे गोळ्यांचे काम थाळीने त्याच्या दोन संध्याकाळी खाते, यंत्राने तासाभरात होईल. मी त्याला विचारले, "वाचलेल्या वेळाचं काय करशील?" तो हसून म्हणाला, "आणखी ओतीन." बघा! म्हणजे वेळ वाचणार नाही, गोळ्या वाढतील. आणि वाढलेली प्रत्येक गोळी बोटांनी उचलावी लागेल, डायवर ठेवावी लागेल, काढावी लागेल, वर चिकटलेले वंगण पुसावे लागेल. त्या वंगणाबरोबर बोटांवर जे येते ते शिसे असते. यंत्र वेगवान झाले की तेवढ्याच तासात जास्त शिसे हाताळले जाते. या हिशेबाकडे त्याचे लक्षच नव्हते.

बरेच लोक समजतात की धोका फक्त शिसे वितळवताना असतो. शिसे वितळते ३२७ अंश सेल्सिअसला. उकळते ते त्याच्या पाचपट तापमानाला. ओतताना वाफेपेक्षा वर साठणाऱ्या राखेची धूळ जास्त त्रासदायक. पण वंगण लावताना ना आग असते ना धूर, म्हणून माणूस निर्धास्त होतो. चहाचा कप शेजारी ठेवतो. मध्येच शेंगदाणे तोंडात टाकतो. आणि आपण तर हाताने जेवणारी माणसे! नुसत्या साबणाने शिसे हातावरून पुरते जात नाही, त्यासाठी तिकडे वेगळे साबण आणि पुसणी मिळतात.

हे मी एवढ्या तळमळीने लिहिते आहे कारण त्या घरात माझी सहा वर्षांची नात आहे. (भाच्याची मुलगी माझी नातच की.) मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शिसे शोषले जाते, आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. मुलांसाठी शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ साली मुलांच्या रक्तातल्या शिशाबद्दल दखल घेण्याची रेषा डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली. ती मुलगी तळघरात जात नाही, हे खरे. पण बापाचे बूट वर येतात, बापाचा शर्ट तिच्या फ्रॉकबरोबर धुतला जातो, आणि बाप वर आल्यावर पहिले काम तिला उचलून घेण्याचे करतो.

आपल्याकडेही शिशाशी हात लावून पोट भरणारी माणसे होती, हे माझ्या पिढीला आठवेल. छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर. शाळेच्या वार्षिकाची मुद्रिते तपासायला मी जात असे तेव्हा त्यांची काळी बोटे मी पाहिली आहेत. त्या खिळ्यांचा धातूही शिसे, अँटिमनी आणि कथील यांचाच. इतकेच काय, लायनोटाइप यंत्राचा जुना धातू (साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील) अमेरिकेतले गोळ्या ओतणारे आजही शोधत फिरतात, कारण त्याने मिश्रण कडक होते. म्हणजे ज्या धातूने तिकडची वर्तमानपत्रे छापली गेली, त्याच्याच आता गोळ्या ओतल्या जातात. आमच्या कंपोझिटरांना पोटासाठी ते हाताळावे लागले. हौसेसाठी हाताळणाऱ्याने तर दुप्पट जपले पाहिजे, कारण त्याच्यावर सक्ती कुणाचीच नाही.

गोळीचे वंगण म्हटले की आपल्याला दुसरी एक गोष्ट आठवणारच. १८५७. एनफील्ड रायफलचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी, आणि गोळीच्या बाजूला लावलेली चरबी. पुडीचे टोक दातांनी फाडायचे. गाईची आणि डुकराची चरबी आहे ही बातमी पसरली आणि पुढचे सगळे आपण शाळेत शिकलो. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या, १९०७ साली छापलेल्या 'माझा प्रवास' मध्येही काडतुसांची हकीकत येते. पण एक तपशील मुलांना शिकवताना सहसा सुटतो. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाल्यावर सरकारने शिपायांना स्वतः मेण आणि तेल आणून लावायची मुभा दिली होती. पुढे दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायतही आणली. उपाय साधा होता, हाताशी होता. पण तोवर विश्वास उडाला होता. मेरठला २४ एप्रिलला ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेतली नाहीत आणि १० मे रोजी उठाव झाला. उठावाची कारणे अनेक होती, हे मान्य. पण वंगणापुरते बोलायचे तर चरबी निवडणाऱ्यांनी फक्त नळीचा विचार केला होता. ते वंगण कुणाच्या हाताला लागणार, कुणाच्या तोंडाशी जाणार, हे आधी विचारले नाही.

भाच्याच्या तळघराची तुलना मी १८५७ शी करत नाही, घाबरू नका. एवढेच म्हणते की वंगणाचा प्रश्न आला की नळीबरोबर हाताचा आणि तोंडाचाही विचार करायचा असतो.

म्हणून मी त्याला एक क्रम लिहून पाठवला. शिक्षिका आहे, क्रमाशिवाय चैन पडत नाही.

पहिला खर्च यंत्रावर नको. आधी तळघरातली हवा बाहेर टाकणारा पंखा, कामाचा वेगळा शर्ट आणि वेगळे बूट, हातमोजे, शिसे काढणारा साबण, आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, कारण झाडूने धूळ उडते. तळघरात खाणेपिणे पूर्ण बंद. त्याची आणि मुलीची, दोघांची रक्ततपासणी. याचा सगळा मिळून खर्च त्या यंत्रापेक्षा पुष्कळ कमी आहे.

दुसरा खर्च मापावर. गोळी टोक वर ठेवून आरपार ढकलणारी साधी डाय, त्याच्या दाबयंत्रात बसणारी, घरच्यांना एकदा बाहेर जेवायला नेण्याच्या खर्चात मिळते. नळीत शिसे चिकटण्याची त्याची निम्मी तक्रार मापाची असावी असा मला संशय आहे, कारण थाळीच्या रीतीत त्याने माप कधी नीट पाहिलेलेच नाही. वंगण बदलण्याआधी माप बघ, असे त्या विषयातले जाणतेही सांगतात.

तिसरी पायरी, वंगणच नको अशी रीत. रंगाची बारीक पूड गोळ्यांबरोबर प्लास्टिकच्या डब्यात हलवायची, ती घर्षणाने चिकटते, मग छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटे भाजायचे. गोळीवर कडक आवरण बसते, मेण लागत नाही, धूर कमी होतो आणि बोटांना उघडे शिसे लागणेही कमी होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही रीत फार पसरली आहे. यात एकच अट, आणि ती मी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवली. तो ओव्हन पुन्हा कधीही स्वयंपाकघरात येता कामा नये. 'धुऊन वापरू' हे चालणार नाही. आणि आवरण चढवले म्हणून हात धुणे सुटत नाही. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकात शिशाचे संयुग असते, त्याचा धूर मैदानावर अंगावर येतोच.

आणि यंत्र? त्याला माझा विरोध नाही. स्पर्धेत उतरून महिन्याला हजारो गोळ्या लागणाऱ्याला ते हवेच. जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूच्या रायफली चालवणाऱ्यालाही मेण-चरबीचे मऊ वंगण लागते, कारण काळ्या दारूची काजळी कडक होऊन बसते आणि वंगण ती ओलसर ठेवते. उद्या भाचा त्या वाटेला गेला तर यंत्र जरूर घ्यावे, आणि एकदाच चांगले घ्यावे. अशी ओतीव लोखंडाची हत्यारे बापाकडून मुलाकडे जातात. इतकेच नव्हे, पहिल्या तीन गोष्टी झाल्यावर, कसलीही गरज नसताना, केवळ तो दांडा ओढायला आवडतो म्हणून घेतले तरी माझी हरकत नाही. आवडते एवढे कारण छंदाला पुरते. फक्त त्याला 'वेळ वाचतो' असे नाव देऊ नये. आवड सांगायला लाजून माणूस सोय सांगतो, आणि मग सोयीच्या हिशेबात घरच्यांशी भांडत बसतो.

भाऊ आणि वहिनी, तुम्हालाही एक सांगते. 'छंद सोड' म्हटले की तो तुमचे ऐकणे बंद करतो, आणि हातमोज्यांचे, बुटांचे बोलणे राहूनच जाते. पन्नाशीला आलेल्या मुलाला छंद सोडायला सांगता येत नाही, हात धुवायला मात्र सांगता येते. तेवढे तो ऐकतो. रक्ततपासणीची वेळ त्याने या आठवड्यात घेतली आहे. आपण सगळ्यांनी त्या अहवालाची वाट पाहावी आणि तोवर यंत्राच्या किमतीवर बोलू नये, असे मला वाटते.

तुमच्याही घरात कुणाला ना कुणाला असा छंद असेलच. मातीची भांडी, जुने रेडिओ, रंगकाम, झाळकाम... त्यात कुठले उपकरण आधी बदलले आणि का, ते जरूर कळवा. असो, आज पुरे.